पेन्शनीनंतरची ५३ वर्षे

या महिन्याच्या १५ तारखेला अभियंता दिन. शाळाशाळांतून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यावर भाषणे होतील. दर वर्षी त्यात एक गोष्ट ठरलेली असते. रात्रीची आगगाडी, खिडकीशी बसलेले विश्वेश्वरय्या, रुळांचा बदललेला आवाज, त्यांनी ओढलेली साखळी आणि पुढे खरोखरच तुटलेला रूळ. मुले ही गोष्ट हातवारे करून रंगवतात, टाळ्या घेतात. मला विचाराल तर ती बाजूला ठेवली तरी चालेल. ज्या माणसाच्या नावावर फुटात आणि मैलात मोजता येतील अशी कामे आहेत, त्याला साखळी ओढायला लावायची गरज नाही.

मला त्यांच्या आयुष्यातला एक साधा हिशेब जास्त विचारात पाडतो. जन्म १५ सप्टेंबर १८६० (काही पुस्तके १८६१ म्हणतात). मुंबई इलाख्याच्या सरकारी नोकरीत लागले १८८४ मध्ये, बाहेर पडले १९०८ मध्ये. म्हणजे नोकरी २४ वर्षांची. निधन एप्रिल १९६२ मध्ये. वजाबाकी करून पाहा. नोकरी सुटल्यावर हा माणूस ५३ वर्षे जगला, नोकरीच्या दुपटीहून जास्त. आपण त्यांना ज्या कामांसाठी ओळखतो त्यातली बहुतेक याच ५३ वर्षांतली आहेत.

हा हिशेब मांडायचे कारण आपल्या घरांतच आहे. रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत कितीतरी कुटुंबांत एक माणूस असा आहे की जो पंचवीस-तीस वर्षे सौदीत, कुवेतला, मस्कतला राबून परत आला आहे. कोणी इंजिनियर, कोणी फोरमन, कोणी पाइप फिटर. घर बांधले, मुलींची लग्ने केली, हज झाला. आता सकाळी पेपर, दुपारी झोप, अस्रनंतर मशिदीच्या ओट्यावर गप्पा. घरातले त्याला मान देतात, औषधाची आठवण करतात, पण त्याने तिकडे काय पाहिले ते कोणी विचारत नाही. अशा घरांतून विश्वेश्वरय्यांची गोष्ट वाचली जावी असे मला वाटते, म्हणून या महिन्याचे हे पान त्यांच्यासाठी.

बालपण थोडक्यात सांगते. म्हैसूर संस्थानातले मुद्देनहळ्ळी हे गाव, वडील संस्कृतचे पंडित, ते लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाल्यावर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. तिथून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने अभियंत्याची परीक्षा पास झाले आणि लगेच पुढच्या वर्षी नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. मग खानदेश, धुळे, पुणे. त्यांची कारकीर्द उभी राहिली ती आपल्या मातीत, हे आपण मराठी बोलणारे लोक पुष्कळदा विसरतो.

त्या काळी सिंध हा प्रांत मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीच्या काठच्या सक्कर शहराला पिण्याचे पाणी द्यायचे काम १८९४ च्या सुमारास त्यांच्याकडे आले. नदी पाण्याने भरलेली, पण पाणी गढूळ. ते गाळण्याचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच, वाळूत, विहीर उतरवली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप गाळले जाते. तेच काठावर आणून पंपाने वर चढवले. आपल्या आजीने उन्हाळ्यात कोरड्या नदीत झरा उकरून वाटीने हंडा भरलेला असतो, त्याचेच हे मोठे रूप. पैसा कमी असला की अक्कल जास्त लागते, असे माझे अब्बा म्हणत. सक्करचे ते काम पाहिले असते तर त्यांना आनंद झाला असता.

चार वर्षांनी, १८९८ मध्ये, ते पहिल्यांदा परदेशी गेले. त्या पिढीचा शिकलेला हिंदी माणूस बाहेर पडला तर बहुधा विलायतेला जाई. हे रजा काढून जपानला गेले, चीनलाही जाऊन आले. जपानच का? कारण जपान हा आशियातला, कालपर्यंत मागे असलेला देश तीस वर्षांत उठून उभा राहिला होता. १८७२ साली तिथे प्राथमिक शाळांचा कायदा झाला होता, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. विश्वेश्वरय्यांनी कारखाने पाहिले तशा शाळाही पाहिल्या. पुढे आयुष्यभर ते शिक्षण आणि उद्योग ही जोडी एकत्रच मांडत राहिले, त्याचे मूळ या सफरीत आहे असे मला वाटते. एका शिक्षिकेला असे वाटणारच, हेही कबूल.

त्यांचे एकूण सहा परदेश दौरे झाले: १८९८, १९०८, १९१९, १९२६, १९३५ आणि १९४६. शेवटच्या दौऱ्यात ते कारखानदारांचे शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेला गेले तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे होते. त्या वयात आपल्याकडे माणसाला एकट्याने बाजारात पाठवत नाहीत.

पुण्याची दोन कामे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खडकवासल्याच्या तलावातले जादा पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. ते अडवायचे तर धरणाची भिंत वाढवावी लागणार, आणि भिंत वाढवली की पुराचा दाब वाढणार. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत येईतो दारे बंद राहतात. पातळी ओलांडली की वर चढलेले पाणीच वजनांचा तोल बदलते आणि दारे उघडतात. पूर ओसरला की पुन्हा मिटतात. रात्री पावसात दांडा फिरवायला माणूस उभा करावा लागत नाही. १९०३ मध्ये ही दारे बसली आणि भिंत न वाढवता सुमारे ८ फूट जादा पाणी साठू लागले. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही तीच युक्ती वापरली गेली.

दुसरे काम कालव्याच्या पाण्याचे. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी ऊस लावत, भरपूर पाणी घेत, आणि शेपटाकडच्या गावांना काही उरत नसे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याखालची जमीन ब्लॉकमध्ये वाटायची, उसासारखे तहानलेले पीक प्रत्येक ब्लॉकच्या ठरावीक हिश्शातच घ्यायचे, बाकीच्यात हलकी पिके, आणि पाळीपाळीने जमीन बदलायची. म्हणजे तेच पाणी जास्त गावांना पोहोचते. आधी विरोध झाला. ज्याला कालपर्यंत मनमुराद पाणी मिळत होते त्याला वाटणी म्हणजे चोरी वाटते. सव्वाशे वर्षे होत आली, आपल्या जिल्ह्यांतली ऊस आणि पाण्याची भांडणे वाचताना मला वाटते की तो कागद अजून टेबलावरच पडून आहे.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच ताब्यात होते. मुंबईहून जिद्दाला निघालेली हाजींची जहाजे त्याच वाटेने जात, त्यामुळे आपल्या पणजोबांच्या पिढीला ते बंदर नावाने ठाऊक होते. भोवती काळे डोंगर, पाऊस नावापुरता. समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचे पाणी करायचे, तेही महाग. विश्वेश्वरय्या शहराबाहेर लहेजच्या मुलखाकडे गेले आणि तिथल्या नदीच्या वाळूत विहिरी घेऊन पाणी आणण्याची योजना त्यांनी दिली. सक्करला शिकलेला धडा अरबस्तानच्या टोकाला कामी आला. सांडपाण्याची योजनाही त्यासोबत दिली. पाणी आणणारे पुष्कळ असतात. वापरलेले पाणी कुठे जाणार याचा विचार तेव्हाही थोडेच करत आणि आताही थोडेच करतात.

इतके सगळे करूनही पुढचा दरवाजा बंद होता. इलाख्याच्या मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर तोवर इंग्रजच बसत. वरिष्ठांची एक रांग ओलांडून विश्वेश्वरय्या वर आले होते, त्याची कुरबूर वेगळीच. त्यांनी भांडण केले नाही, अर्जविनंत्या केल्या नाहीत. अट्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि युरोपच्या सफरीला निघाले.

त्या सफरीत असतानाच त्यांना हैदराबादहून निजाम सरकारचे बोलावणे आले.

आपल्या मराठवाड्यातल्या वाचकांना ही हकिगत घरच्या मोठ्यांकडून ऐकून माहीत असेल, कारण तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड सगळे निजामाच्या राज्यात होते. २८ सप्टेंबर १९०८. हैदराबादेत मुसी नदी फुगली. नुसता पाऊस नव्हता. शहराच्या वरच्या खोऱ्यात शेतीसाठी बांधलेले शेकडो लहान तलाव होते. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर, असे दोनशेहून जास्त तलाव फुटले आणि ते सगळे पाणी अर्ध्या रात्रीत शहरावर आले. पूल वाहून गेले, मोहल्लेच्या मोहल्ले गेले. सुमारे १५ हजार माणसे गेली असा अंदाज सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड अजून आहे, उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात.

उर्दू शिकवताना मी रुबाईचा पाठ घेते तेव्हा अमजद हैदराबादी यांचे नाव येतेच. उर्दू रुबाईतला हा मोठा माणूस. त्या रात्री त्यांची आई, बायको आणि लहान मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. ते एकटे वाचले. पुढे त्यांच्या शायरीत जी सबुरी आणि जो वैराग्याचा सूर आहे तो मुलांना समजावताना मी आधी मुसीची ती रात्र सांगते. तोवर वर्गात कुजबुज असते, मग नसते. १५ हजार हा आकडा मुलांना कळत नाही. एका माणसाची तीन माणसे कळतात.

निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांचे दरवाजे बेघरांसाठी उघडले. अन्न वाटले गेले, कपडे वाटले गेले. पण पुढच्या वर्षी पुन्हा पाऊस येणारच होता. त्यासाठी माणूस हवा होता, आणि नजर गेली एका पेन्शनरकडे. विश्वेश्वरय्यांनी होकार दिला, पण हातातला दौरा अर्धा टाकून ते धावत आले नाहीत. युरोप आणि अमेरिकेतली धरणे, पाणीपुरवठ्याची आणि गटारांची कामे पाहून झाल्यावर एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादेत उतरले आणि कामाला लागले. कोणी म्हणेल, शहर बुडाले असताना हा माणूस अमेरिका पाहत होता. मला तसे वाटत नाही. जो पाहून येतो त्याच्याकडे काही तरी आणलेले असते.

त्यांनी काय केले? आधी पावसाची मोजमापे गोळा केली, खोरे पाहिले, कुठला तलाव कधी फुटला ते लावून पाहिले. मग सांगितले की शहरात भिंती बांधून पूर थांबणार नाही, तो शहराच्या वरच थांबवला पाहिजे. मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर एक असे दोन मोठे तलाव बांधा. पूर आला की ते पाणी पोटात घेतील आणि सावकाश सोडतील. शहरातल्या नदीचे काठ उंच करा, तिथे घरे न बांधता बागा आणि रस्ते करा. आणि शहराला बंद गटारांची व्यवस्था द्या. १९०९ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली. हैदराबादच्या कित्येक पिढ्या त्याच तलावांचे पाणी प्यायल्या.

इथे दुसऱ्या एका अभियंत्याचे नाव घेतले पाहिजे, कारण आपल्या मुलांना ते माहीत नसते. नवाब अली नवाज जंग. मूळ नाव मीर अहमद अली. हैदराबादचेच, शिक्षण विलायतेला कूपर्स हिलच्या अभियांत्रिकी कॉलेजात. पुढे निजाम राज्याचे मुख्य अभियंता झाले. मांजरा नदीवरचा निजामसागर त्यांचा. उस्मानसागर, हिमायतसागर कागदावरून जमिनीवर आणणाऱ्यांतही ते होते. तेलंगणात ११ जुलैला, त्यांच्या जन्मदिवशी, राज्याचा अभियंता दिन पाळतात. १९२९ मध्ये सक्करला सिंधूवर मोठा लॉइड बंधारा बांधला जात होता, त्याच्या खर्चाची आणि फायद्याची तपासणी करायला मुंबई सरकारने दोन हिंदी अभियंते नेमले: विश्वेश्वरय्या आणि अली नवाज जंग. ज्या गावात विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी वाळूत विहीर उतरवली होती तिथे ते पस्तीस वर्षांनी असे परत गेले, बरोबर हैदराबादचा हा नवाब. त्या दोघांत जेवताना काय बोलणे होत असेल, हे ऐकायला मिळाले असते तर मी पगारी रजा टाकून गेले असते.

हैदराबादनंतर म्हैसूर. १९०९ च्या अखेरीस ते संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागर धरण, म्हैसूर विद्यापीठ, म्हैसूर बँक, चंदनाचा साबण, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा... ही यादी पाठ्यपुस्तकात आहे, मी पुन्हा देत नाही. धरण सुरू झाले १९११ मध्ये आणि पुरे झाले ते सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत. धरणाच्या पायथ्याची वृंदावन बाग ही मिर्झासाहेबांची. हिंदी सिनेमातली कितीतरी गाणी ज्या कारंज्यांपुढे झाली तीच.

पण दिवाणगिरी संपली कशी हेही सांगितले पाहिजे. म्हैसूरच्या नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे होते. बाकीच्या समाजांना वाटा द्यावा म्हणून महाराजांनी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागास म्हणून ज्यांचा विचार झाला त्यांत मुसलमानही होते. विश्वेश्वरय्यांचे म्हणणे असे की शिक्षण सर्वांना द्या, वाटेल तितक्या शिष्यवृत्त्या द्या, पण नोकरी गुणवत्तेवरच मिळावी. महाराजांचे मत वेगळे पडले आणि दिवाणांनी पद सोडले.

इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच अर्ध्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या आणि १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढले होते. महाराजांना जे दिसत होते ते इतक्या हुशार माणसाला दिसू नये? कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याने सगळे पाणी पिऊ नये म्हणून ज्यांनी ब्लॉक पाडले, त्यांना नोकऱ्यांच्या कालव्यावर ब्लॉक पाडणे मान्य झाले नाही. मी शिकवते त्या वर्गात पहिल्यांदाच शाळेत आलेल्या घरांतली मुले आहेत. गुणवत्ता कुठून येते आणि तिला किती पिढ्या लागतात हे मला रोज फळ्यासमोर दिसते. तरी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूला मांडते. पटले नाही तेव्हा ते खुर्चीला चिकटून राहिले नाहीत.

आणि मग सुरू झाली खरीखुरी पेन्शनी. १९१९ मध्ये पुन्हा जपान, अमेरिका, युरोप. त्यातून 'रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया' हे पुस्तक. मुंबईत तांत्रिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्ष, बॅकबेची भरणी फसली तेव्हा चौकशी समितीचे सभासद. तोट्यात चाललेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी हातात घेतला. त्या कामाचा मोबदला त्यांनी घरी नेला नाही, तो तरुणांना हुनर शिकवणारी संस्था बंगळुरात उभी करायला गेला. १९३४ मध्ये देशासाठी दहा वर्षांची आर्थिक योजना पुस्तकरूपाने मांडली. 'योजना' हा शब्द तेव्हा सरकारी दफ्तरात रुळलाही नव्हता. १९३५ मध्ये, पंचाहत्तरीला, मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात कसा काढता येईल हे पाहायला पुन्हा अमेरिका-युरोप. ओरिसात महानदीच्या पुरांनी लोक हैराण झाले तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून तिकडे. १९५२ मध्ये गंगेवर मोकामा येथे पूल कुठे बांधावा हे ठरवायला बिहारमध्ये. वय ९१. तो पूल १९५९ मध्ये खुला झाला. भारतरत्न मिळाले ते मधेच, १९५५ साली.

या सगळ्याचा धागा काय? ते पाहून आले की लिहून काढत. कारखान्यात किती माणसे, कोळसा किती, पाणी कुठून, शाळेत मुले किती, मुली किती. १९५१ मध्ये त्यांनी 'मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ' हे आत्मचरित्र लिहिले ते असेच आहे. रसाळ म्हणता येणार नाही. घरच्या आयुष्याला त्यात फारशी जागा नाही. सहा दौरे करणाऱ्या माणसाचे घर मागे कोण सांभाळत होते, हा प्रश्न निदान आपल्या वाचक बहिणींना पडेल, आणि त्याचे उत्तर त्या पुस्तकात शोधू नये. पण कुठे काय पाहिले आणि त्यातले इकडे काय लावता आले, हे त्यात ठिकाणासकट आहे.

म्हणून मी मुद्द्यावर परत येते. आपल्या घरातले चाचा, मामू, अब्बा जे पाहून आले आहेत ते लिहिलेले कुठे आहे? जुबैलच्या कारखान्यात समुद्राचे पाणी गोडे होते. तिथे वीस वर्षे पंप सांभाळलेला माणूस आपल्या मोहल्ल्यात राहतो, आणि मे महिन्यात त्याच मोहल्ल्यात पाण्याचा टँकर येतो. कोकणात! जिथे पावसाळ्यात छत्री उलटी होते तिथे. पन्नास डिग्रीच्या उन्हाळ्यात काँक्रीट कसे ओततात? रात्री ओततात, पाण्यात बर्फ घालतात, नाहीतर ते तडकते. हे मला पुस्तकाने नाही, आखातातून परत आलेल्या एका नातलगाने सांगितले, तेही मी खोदून विचारले तेव्हा. आधी म्हणाले, "त्यात काय सांगायचंय, बेटी, कामच तर केलं." तीन कप चहा झाल्यावर ते उठून कपाटातून एक डायरी घेऊन आले. अरबीत, इंग्रजीत आणि उर्दूत मिळून लिहिलेली. पंपांचे नंबर, बिघाडाच्या तारखा, दुरुस्तीचे उपाय. घरात कोणाला ती डायरी आहे हेसुद्धा माहीत नव्हते. त्यांची नात दहावीत आहे आणि तिला इंजिनियर व्हायचे आहे.

आमच्या शाळेत यंदा १५ सप्टेंबरला भाषणाऐवजी हे काम दिले आहे. आठवी-नववीच्या मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या एका परत आलेल्या माणसाला दहा प्रश्न विचारायचे. कुठे होता, काय बनवत होता, कुठले हत्यार वापरत होता, तिकडे पाणी कुठून येई, काम बिघडले तर काय करत. उत्तरे मराठीत किंवा उर्दूत, जशी जमतील तशी. पगार किती होता हा प्रश्न मी मुद्दाम काढून टाकला आहे, कारण तो सगळ्यांनी आधीच विचारलेला असतो. कारागीर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळे चालतील. एका मुलीने विचारले, तिची नानी दुबईत एका घरी बावीस वर्षे मुले सांभाळत होती, ती चालेल का? चालेल म्हटले.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. पुणे शहरात पाणी शिरले. ज्या सांडव्यावर त्यांनी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आपोआप चालणारी दारे बसवली होती तेच हे धरण. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वयाच्या १०१ व्या वर्षात. खडकवासला नंतर पुन्हा बांधला गेला. नऊ महिन्यांनी बंगळुरात त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीत त्यांचे जुने घर जपून ठेवले आहे, तिथे त्यांच्या वस्तू पाहायला मिळतात. बंगळूरहून सकाळी निघाले तर पाहून संध्याकाळपर्यंत परत येता येते. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणार असाल तर मुलांना घेऊन जा, वही-पेन्सिल बरोबर द्या.